डोकं बसल्यावर दुखतंय की झोपल्यावर? सिझर, मणक्यातली सुई आणि नंतरचे पंधरा दिवस

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतेय. मागच्या आठवड्यात आपल्या नंबरवर एका दादाची नोट आली. मागे ट्रॅक्टर चालू आहे, मधेच कुणीतरी त्याला हाक मारतंय, आणि दादा एकदम दबक्या आवाजात बोलतोय, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, मिसेसचं सिझर ठरलंय. बाळ आडवं हाय. आई म्हणायली, मणक्यातली सुई घ्यायची नाही, जन्मभर कंबर धरती. मावशीची धरली. मंग आम्ही डॉक्टरला पूर्ण बेशुद्ध करा म्हणून सांगावं का? अन् त्या सुईनं पॅरालिसिस होतो म्हणतेत, ते खरं हाय का?" शेवटी म्हणाला, "आखाडा बाळापूरहून बोलायलोय."

इथे मी कानच टवकारले. कारण जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी भूलतज्ज्ञ, काम करते नांदेडला, आणि माहेर आखाडा बाळापूर. नवीन लोकांसाठी सांगते, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं, कळमनुरी तालुक्यातलं गाव. हळद शिजायच्या दिवसांत बसमधून उतरलं की आधी वास येतो, मग गाव दिसतं.

तर दादा, तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणार आहे. पण तू एक तिसरा प्रश्न विचारला नाहीस, जो खरं तर विचारायला हवा होता. तो माझ्या स्वतःच्या एका चुकीतून आलाय. तो मी मधे सांगेन. भाग थोडा मोठा आहे, शेतात जाताना ऐका, गाडी चालवताना नको.

आधी थेटरमध्ये काय होतं ते बघू. बाईला टेबलावर बसवतात, समोर उशी धरायला देतात आणि सांगतात, हनुवटी छातीला लाव, पाठ बाहेर काढ, रुसून कोपऱ्यात बसल्यासारखी. नऊ महिन्यांचं पोट घेऊन असं वाकणं सोपं नसतं, आणि नेमकं तेव्हाच "हलू नको" म्हणून आम्ही ओरडत असतो. पाठ थंडगार औषधाने पुसतात, मग सुई. बहुतेक जणी नंतर सांगतात की सलाईनची सुई जास्त दुखली.

आता ती सुई जाते कुठे? मेंदूतून खाली येणारी नसांची मुख्य दोरी, म्हणजे मज्जारज्जू, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपते. आम्ही सुई टाकतो त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे दोरी नसतेच. तिथे असतात सुट्ट्या नसा, पाण्यात तरंगणाऱ्या. त्या झुबक्याचं लॅटिन नाव कॉडा इक्वायना, म्हणजे घोड्याची शेपटी. पाण्यात सोडलेल्या शेपटीच्या केसांमध्ये सुई घातली तर केस बाजूला सरकतात ना, तसंच. त्या पाण्यात साधारण दोन मिली औषध जातं. बुपिवाकेन त्याचं नाव. त्यात ग्लुकोज घातलेलं असतं, ते औषध जड व्हावं आणि आम्हाला हवं तिथेच खाली बसावं म्हणून. मिनिटभरात पाय गरम वाटतात, मुंग्या येतात, मग पाय आपले नाहीतच असं वाटतं. दोन-चार तासांनी परत येतात.

यात काय बिघडू शकतं? सगळ्यात जास्त वेळा होतं ते म्हणजे बीपी पडतं. हे इतकं नेहमीचं आहे की आम्ही ते होणारच असं धरून औषध आधीच भरून ठेवतो. दुखणं नेणाऱ्या नसांबरोबर रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही झोपतात. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे उतरतं. त्यात उताणं झोपलं की बाळाचं सगळं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं, म्हणून आम्ही उजव्या कुशीखाली काहीतरी सरकवून बाईला थोडं डावीकडे कलतं ठेवतो. बीपी पडलं की पहिल्यांदा मळमळतं. म्हणून टेबलावरची बाई "मळमळतंय" म्हणाली की आम्ही उलटीचं भांडं नंतर शोधतो, आधी मॉनिटर बघतो. फिनाइलएफ्रिन नाहीतर मेफेन्टरमाइन दिलं की मिनिटा-दोन मिनिटांत गाडी रुळावर. ते वेळेत केलं नाही तर मात्र बाळाला जाणारं रक्तही कमी होतं. म्हणून भूल देऊन आम्ही निघून जात नाही. ऑपरेशन संपेपर्यंत तिच्या डोक्याशी बसायचं, हीच आमची नोकरी. लोकांना वाटतं सुई टोचली की भूलवाल्याचं काम संपलं. चालायचंच.

थंडी भरून दात वाजणं, अंग खाजणं, लघवी तुंबणं, हे पण होतं आणि जातं. त्यावर वेळ घालवत नाही.

क्वचित औषध जास्त वर चढतं. मग हाताच्या बोटांना मुंग्या, मूठ ढिली, आवाज बारीक, श्वास पुरत नाही. याला आम्ही हाय स्पायनल म्हणतो आणि याला आम्ही खरंच घाबरतो. ऑक्सिजन, बीपीची औषधं, लागलं तर नळी घालून मशीनवर श्वास. औषध उतरलं की श्वास परत येतो, पण मधला तो वेळ कुणीतरी निभवावा लागतो. म्हणून आम्ही सारखं विचारतो, "माझा हात दाब बघू", "नाव काय बाळाचं ठेवणार?" ती गप्पा मारायची हौस नसते हो, तिचा आवाज किती दमदार आहे ते ऐकतो आम्ही.

आणि एक गोष्ट जी फार कमी बोलली जाते. कधी कधी भूल नीट चढत नाही. ओढल्यासारखं, पोटात कुणी हात घालून सामान हलवतंय असं वाटणं हे चालतं, ते सगळ्यांना होतं. दुखणं चालत नाही. आपल्याकडच्या पोरी दुखलं तरी ओठ दाबून पडून राहतात, कारण घरून निघताना कुणीतरी सांगितलेलं असतं, "आरडाओरडा करू नको, लोकं काय म्हणतील". दुखतंय तर मोठ्याने म्हणा, दुखतंय. त्यावर उपाय आहेत आणि ते करायचे म्हणूनच आम्ही तिथे बसलोय.

आता दादाचा पहिला प्रश्न, मग पूर्ण बेशुद्ध का नको? पूर्ण भूल द्यावी लागते कधी कधी. रक्तस्राव फार असेल, प्लेटलेट खूप कमी असतील, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, बाळाला बाहेर काढायला अजिबात वेळ नसेल. पण आवडीने मागायची गोष्ट नाही ती. गरोदरपणात घशाच्या आतले भाग सुजलेले असतात, श्वासनळीत नळी घालणं नेहमीपेक्षा अवघड जातं, ऑक्सिजनचा साठा लवकर संपतो. आणि पोट भरलेलं असेल तर ते अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. शुद्धीत असलेला माणूस खोकतो, थुंकतो. बेशुद्ध माणूस नाही.

इथे आमच्या बाळापूरकडच्या मायाळू सासवांसाठी थोडं थांबते. ठरवून केलेल्या सिझरच्या आधी सहा तास जेवण नाही, दोन तास पाणीसुद्धा नाही, असं सांगितलेलं असतं. आणि तरी दवाखान्याच्या जिन्यावर डब्यातला शिरा खाऊ घातलेला असतो, कारण लेकरू उपाशी कसं पाठवायचं! माझ्याच एका पेशंटने टेबलावर बसल्यावर, मी सुई हातात घेतल्यावर, हळूच सांगितलं, "मॅडम, मघाशी दोन घास खाल्ले, अत्याबाईला सांगू नका." मला ती पोरगी फार आवडली. तिने सांगितलं. आम्ही ऑपरेशन पुढे ढकललं, ते ढकलता येण्यासारखं होतं. खाल्लं असेल तर सांगा. कुणी रागावलं तर रागावू द्या.

दुसरा प्रश्न, पॅरालिसिस. होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही, खोटं ठरेल. ही भीती फक्त आपल्या गावातली नाही. १९४७ साली इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या हॉस्पिटलात एकाच दिवशी, एकाच भूलतज्ज्ञाकडून मणक्यात भूल घेतलेल्या दोन माणसांचे पाय कायमचे गेले. वूली आणि रो. केस कोर्टात गेली, १९५४ साली निकाल लागला, आणि त्या एका प्रकरणाने इंग्लंडमधले डॉक्टर कितीतरी वर्षं ही सुई हातात घ्यायला कचरत होते. कोर्टात मानलं गेलं की औषधाच्या काचेच्या कुप्या ज्या जंतुनाशकात बुडवून ठेवायचे, ते बारीक तड्यांतून आत गेलं. पुढे अभ्यासकांनी दुसरा संशय मांडला, की सुया-सिरिंज उकळायच्या भांड्यातला क्षार काढायला वापरलेलं ॲसिड त्यात राहिलं असावं. म्हणजे सुईने नसा तोडल्या नव्हत्या. चुकीची गोष्ट आत गेली होती. आज सुई, सिरिंज एकदाच वापरून फेकतात.

पण चुकीची गोष्ट आत जायचा धोका संपलाय असं नाही. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाचं फार उपयोगी औषध आहे, तेही त्याच थेटरात, कधी कधी त्याच ट्रेमध्ये असतं. त्याची कुपी भुलेच्या औषधाच्या कुपीसारखी दिसली आणि घाईत तीच मणक्यात गेली, अशा घटना जगभर झाल्या. त्यात जीव गेलेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला यावर वेगळा इशारा काढावा लागला. हे ऐकून तुम्ही काही करायचं नाहीये. हे आमचं काम आहे, कुपीवरचं नाव दोनदा वाचायचं, दुसऱ्याला वाचायला लावायचं, ती औषधं वेगळी ठेवायची. तुम्हाला सांगतेय कारण धोका लपवून विश्वास मिळत नाही.

आकडा हवाच असेल तर, ब्रिटनमध्ये २००६-०७ या वर्षात मणक्यातल्या भुलेच्या सात लाखांहून जास्त केसेस मोजल्या होत्या. कायमची इजा लाखामागे दोन ते चार जणांना, आणि बाळंतपणात त्याहूनही कमी. तिथली व्यवस्था वेगळी, आपली वेगळी, हे मान्य. पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

आणि कंबर. दादा, तुझ्या मावशीची कंबर दुखते यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. सुई टोचलेल्या जागी चार-आठ दिवस ठणका असतो, ते सुईचंच. पण वर्षानुवर्षांची कंबर सुईची नसते. ज्यांनी सुई घेतली त्या आणि ज्यांनी घेतली नाही त्या, अशा बायांची तुलना अनेक ठिकाणी झाली आहे, जुनाट कंबरदुखी दोघींत सारखीच निघते. नऊ महिने सांधे धरून ठेवणारे बंध सैल झालेले असतात, पोटाचे स्नायू ताणून गेलेले असतात, मग दिवसातून दहा वेळा वाकून बसून बाळाला पाजायचं, दीड महिन्यात पाण्याचे हंडे, पुढे निंदायला वाकायचं. मावशीला विचार, सिझरनंतर कितव्या दिवशी पाणी भरायला लागली. आम्हा भूलवाल्यांवर आळ घेणं सोपं आहे, कारण सुई एकदाच टोचली जाते आणि सगळ्यांना आठवते. हंडे कोण मोजतं?

आता तो तिसरा प्रश्न. डोकेदुखी.

माझ्या मावसबहिणीचं सिझर झालं. दुसऱ्या दिवशी तिला उठवून बसवलं तर डोकं असं दुखलं की ती परत आडवी झाली. आडवी झाली की बरं. बसली की मानेपासून कपाळापर्यंत ठणका. कानात घूं आवाज. बाळाला पाजायला बसताच येईना. घरात लगेच तपास सुरू झाला आणि आरोपी सापडली, तिची नणंद. का? तर तिने रात्री डोक्याखाली उशी दिली होती, आणि नर्सने सांगितलं होतं की चोवीस तास उशी घ्यायची नाही. त्या बिचाऱ्या पोरीला सगळ्यांनी इतकं बोलून घेतलं की ती बाळाजवळ यायला घाबरायला लागली. मी फोनवर सगळ्यांना स्पीकर लावायला सांगितला आणि म्हटलं, उशीचा काही संबंध नाही. सपाट झोपून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही, हे किती अभ्यासांतून दिसलंय. काही ठिकाणी जुन्या सवयीने अजून सांगतात. दोष उशीचा नाही, नणंदेचा तर मुळीच नाही.

मग कशाचा? १८९८ मध्ये जर्मनीत कील शहरात ऑगस्ट बिअर नावाच्या सर्जनने मणक्यातली भूल पहिल्यांदा वापरली, तेव्हा औषध होतं कोकेन. पेशंटवर करून झाल्यावर त्याने ठरवलं, स्वतःवर करून बघायचं. त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट सुई टाकणार. सुई गेली, पण सिरिंज सुईला बसेना, आणि तेवढ्या वेळात बिअरच्या मणक्यातलं पाणी बाहेर गळून गेलं. मग हिल्डेब्रांट म्हणाला, माझ्यावर करा. त्याच्यावर जमलं. मग बिअरने त्याच्या नडगीवर हातोडा मारला, जळती सिगार टेकवली, केस उपटले. काही कळत नाही! दोघं खूश, रात्री वाइन आणि सिगार. दुसऱ्या दिवसापासून बिअरचं डोकं धरलं. उठलं की दुखतंय, आडवं पडलं की थांबतंय. नऊ दिवस पडून होता. तिथून आजपर्यंत ही तीच डोकेदुखी आहे.

कारण साधं आहे. मेंदू पाण्यात तरंगतो. दीडशे मिलीच्या आसपास असतं ते पाणी. सुईने त्या पाण्याच्या पिशवीला भोक पडतं, ते लगेच बुजलं नाही तर पाणी झिरपत राहतं. आडवं असताना चालून जातं, बसलं की मेंदूला आधार कमी पडतो, तो खाली ओढला जातो, आवरणं ताणली जातात, डोकं ठणकतं. सुई जाड असेल, टोक कापणारं असेल तर जास्त जणींना होतं. पेन्सिलसारखं टोक असलेली बारीक सुई धागे कापण्याऐवजी बाजूला सारते, तिच्याने कमी. बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. पाणी, साधी दुखणं थांबवायची गोळी, चहा-कॉफीने थोडा वेळ आराम. फारच दुखलं तर बाईच्याच हातातलं वीसेक मिली रक्त घेऊन पाठीत त्या भोकाजवळ सोडतात. गोठून ते पंक्चरच्या ठिगळासारखं बसतं. टेबलावरून उठतानाच हसणाऱ्या बाया मी पाहिल्यात. हे सगळीकडे होत नाही, मोठ्या ठिकाणी जावं लागतं. माझ्या बहिणीला लागलं नाही, सहाव्या दिवशी थांबलं. नणंदेची कुणी माफी मागितली नाही, ते राहूनच गेलं.

आता माझी चूक. बाळापुरात आमच्या गल्लीतली एक वहिनी. सख्खी नाही, पण लहानपणापासून आमच्या घरी येणं-जाणं. तिचं सिझर दुसरीकडे झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, बसलं की डोकं दुखतंय, झोपलं की बरं. मी सगळं नीट विचारलं, सांगितलं, काळजी करू नको, हे सुईचं आहे, जाईल. बरोबर होतं ते. पाचव्या दिवशी ती घरी आली. घरी म्हणजे कोपऱ्यातली खोली, खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी, डोक्याला घट्ट फडकं, आणि पाणी? पाणी मोजून. बाळंतिणीने जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, टाके पिकतात, हे आपल्याकडे अजून चालू आहे. मी "पाणी पी" म्हटलं होतं. पाणी कुणाच्या हातात आहे हे विचारलं नव्हतं.

सातव्या दिवशी परत फोन. मी दोन केसच्या मधे होते, हातात चहा. ती म्हणाली, थांबलं नाही अजून. मी म्हटलं, अगं होतं कधी कधी दहा-दहा दिवस, गोळी घे, आराम कर. ठेवला. आठव्या दिवशी रात्री तिच्या दिराचा फोन. उलट्या होतायत, एकाचे दोन दिसायलेत, अन् "ताई, वहिनी झोपायलीच नाही, आडवं पडलं की जास्त दुखायलंय म्हणती." मी ताडकन उठून बसले. आडवं पडलं की जास्त? मग हे सुईचं नाही. म्हटलं, गाडी काढ, १०८ ला फोन कर, जे आधी येईल त्यात बस, नांदेडला ये, आता.

वारंगा फाट्यावरून त्याने फोन केला तेव्हा तिचा उजवा हात जड झाला होता. नांदेडला स्कॅन झाला. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ. बाळंतपणानंतर पहिले काही आठवडे रक्त पटकन गोठायच्या तयारीत असतं, निसर्गाची सोय ती, रक्तस्राव थांबावा म्हणून. त्यात शरीरात पाणी कमी पडलं की धोका वाढतो. आणि मणक्यातलं पाणी झिरपल्याने मेंदूतल्या शिरा ताणल्या-फुगल्या जातात, म्हणजे एका डोकेदुखीच्या आड दुसरी येऊन बसू शकते. पहिली खरी होती. दुसरी तिच्या मागून आली आणि मी पहिलीचंच नाव घेऊन बसले होते.

रक्त पातळ करायची औषधं चालू झाली. हात हळूहळू परत आला. ती बरी आहे, पोरगी आता अंगणवाडीत जाते.

पण ऐका. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. पंधरा दिवसांनी मी तो सातव्या दिवसाचा कॉल काढून ऐकला. छोटासा आहे. ती म्हणते, "थांबलं नाही अजून, आता तर आडवं पडलं तरी..." आणि तिथे मी बोलायला लागते. तिचं वाक्य पूर्ण होत नाही. माझाच आवाज येतो, "अगं होतं कधी कधी." तिने सांगितलं होतं. एक दिवस आधी सांगितलं होतं. हे मी वहिनीला पुढे सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई, तुमी कामात होता." मला ते अजून जात नाही. तो कॉल मी डिलीट केलेला नाही.

तेव्हापासून कुठल्याही बाळंतिणीचा फोन आला की मी दर वेळी, आदल्या दिवशी विचारलेलं असलं तरी, पहिल्यापासून विचारते. डोकं बसल्यावर दुखतंय की झोपल्यावर? आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसते.

बसल्यावर दुखतं, आडवं पडलं की थांबतं, ताप नाही, बाकी काही नाही, तर बहुधा सुईचं. तरी जिथे सिझर झालं तिथे कळवायचं, घरातच दाबून ठेवायचं नाही. झोपल्यावरही दुखतं, पहाटे झोपेतून उठवतं, खोकलं-शिंकलं की वाढतं, किंवा आधी आडवं पडल्यावर थांबायचं ते आता थांबत नाही, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. डोळ्यांपुढे अंधारी, ठिपके, एकाचे दोन, झटका, हात-पाय जड, बोलणं अडखळणं, यातलं काहीही असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. थंडी वाजून ताप आणि मान ताठ, तेव्हाही. आणि डोकं दुखतंय म्हटलं की बीपी बघायचंच, कारण गरोदरपणातला बीपीचा आजार बाळंतपणानंतरही उपटू शकतो, ज्यांना आधी बीपी नव्हतं त्यांनाही. बीपी बघायला नांदेड लागत नाही, जवळच्या आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात होतं. बाळाला बघायला आशाताई घरी येतात, त्या आल्या की आईच्या डोक्याचंही सांगा. आपण सगळे बाळाचंच वजन विचारत बसतो.

सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तिथलं जेवण आणि पुढे पाठवायची गाडी हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, २०११ पासून. गाडीच्या पैशापायी सकाळ होईपर्यंत थांबू नका. मी थांबलेली घरं पाहिली आहेत.

आणि "वारं लागलं" म्हणून डोक्याला फडकं बांधायचं असेल तर बांधा, माझी हरकत नाही, उबदार वाटतं. फक्त पाण्याचा तांब्या बाजेजवळ भरलेला ठेवा, तिच्या हाताला येईल असा.

तर दादा, तुझ्यासाठी. आईला म्हण, सुई घेऊ दे. भूलतज्ज्ञ कोण आहेत ते आधी विचार, शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी त्यांना मिसेसशी बोलू दे. दमा, हृदयाचा त्रास, आधीच्या भुलेत काही झालं होतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पाठीवर फोड-बीड आहे का, सगळं सांगा. रक्ताचा रिपोर्ट बरोबर ठेवा. शिऱ्याचा डबा घरी ठेवा. नंतरचे पंधरा दिवस तिच्या खोलीत तू जात जा. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पुरुष फिरकत नाहीत, माहीत आहे मला. तरी जा आणि तो प्रश्न विचार.

दादाने मला सिझरची तारीख कळवली आहे, येत्या मंगळवारी. मी त्याला माझा नंबर दिलाय. त्या दिवशी केसेस कमी घेतल्यात.

भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या.